अनाथांची माउली : पंडिता रमाबाई

(लहानपणी दुष्काळात होरपळलेल्या एका मुलीने पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे शेकडो अनाथ मुली आणि निराधार स्त्रियांसाठी घर उभारले. ते घर कसे उभे राहिले आणि कोणाच्या आधाराने चालले, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडाच्या परिसरात कळवण तालुका आहे. या तालुक्यात आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. घरापासून दूर आलेली मुले तेथे राहतात, शिकतात आणि एका पंगतीत जेवतात. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात एखादा यतीमखाना असेल. आई-वडिलांचे छत्र हरपलेली मुले तेथेही अशीच एकत्र वाढतात. अशा ठिकाणी जेवणाची वेळ झाली, की ताटांच्या रांगा लागतात. त्या पाहून तुमच्या मनात कधी प्रश्न आला आहे का? रोज इतकी ताटे कोण भरते? धान्य कोठून येते? मुलांचे कपडे, पुस्तके, औषधे यांचा खर्च कोण करते?

आज आश्रमशाळांना सरकारचे साहाय्य मिळते. यतीमखान्यांना लोक जकात आणि देणग्या देतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईंच्या आश्रयाला शेकडो उपाशी मुली आल्या, तेव्हा त्यांच्या हाती मोठी संपत्ती नव्हती. त्यांच्या पाठीशी सरकार नव्हते आणि समाजातील बरेच लोक त्यांच्यावर रागावलेले होते. तरीही त्यांनी दार बंद केले नाही. त्या बाईंचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्या काळी स्त्रियांना शिकवणे लोकांना मान्य नव्हते. अनंतशास्त्रींना मात्र आपल्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, शिकावे असे वाटत होते. त्यांनी त्यांना संस्कृत शिकवायला सुरुवात केली, तेव्हा नातेवाईक आणि गावकरी चिडले. शेवटी अनंतशास्त्री घर सोडून कर्नाटकातील गंगामूळ नावाच्या रानात जाऊन राहिले. त्या रानातच रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. आज या गावी, तर उद्या त्या गावी, असा त्यांचा प्रवास चाले. अनंतशास्त्री देवळात बसून पुराणे सांगत आणि लोक देतील त्या दक्षिणेवर घर चाले. रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांची आई हीच त्यांची शाळा होती. पहाटे अंधार असतानाच आई त्यांना जागे करी आणि संस्कृत श्लोक पाठ करून घेई. थोड्याच वर्षांत रमाबाईंना हजारो श्लोक तोंडपाठ झाले. गावोगाव फिरताना कन्नड, हिंदी अशा भाषाही कानांवर पडल्या आणि त्या त्यांनी शिकून घेतल्या. तुम्ही आज मराठी शिकत आहात. रमाबाईंचेही शिक्षण असेच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात होत गेले, हे लक्षात ठेवा.

मग दक्षिण भारतात मोठा दुष्काळ पडला. लोकांजवळच दाणे नव्हते, तर पुराण सांगणाऱ्याला कोण देणार? अनंतशास्त्रींचे वय झाले होते. त्यांची दृष्टीही गेली होती. घरातील भांडी, दागिने विकून झाले. अनेक दिवस नुसत्या झाडपाल्यावर काढावे लागले. या हालअपेष्टांत आधी वडील गेले. पुढे आईही अंथरुणाला खिळली. तापात असलेल्या आईला बाजरीच्या भाकरीचा तुकडा खावासा वाटला. रमाबाई शेजारच्या एका घरी भाकरी मागायला गेल्या. त्यांनी आयुष्यात कधी भीक मागितली नव्हती. लाजेने त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून मात्र अश्रू वाहू लागले. त्या घरच्या बाईला दया आली आणि तिने भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन रमाबाई धावत आईकडे आल्या. पण आई बेशुद्ध झाली होती. तिला तो तुकडा खाता आला नाही. त्यानंतर लवकरच ती मरण पावली. पुढे थोरली बहीणही गेली.

मुलांनो, हा भाकरीचा तुकडा विसरू नका. रमाबाईंनी पुढे जे काम केले, त्याचे मूळ येथे आहे. भूक म्हणजे काय आणि मागताना माणसाला किती लाज वाटते, हे त्यांना पुस्तकात वाचून कळले नव्हते.

आता रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. ते हजारो मैल पायी फिरले. एकदा पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी होती आणि अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. अशा रीतीने फिरत फिरत ते १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. एक वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला.

पण दुःखाने रमाबाईंची पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते दुसऱ्या जातीचे होते. म्हणून या लग्नावर लोकांनी टीका केली. १८८१ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. पण पुढच्याच वर्षी बिपिनबाबू पटकीच्या साथीत दगावले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांनी १८८२ साली ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला आणि स्त्रियांना शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग नेमला होता. मुलींसाठी शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना डॉक्टर होता आले पाहिजे, असे रमाबाईंनी त्या आयोगापुढे ठामपणे मांडले.

तुम्हांला त्या काळची एक रूढी सांगितली पाहिजे. त्या वेळी मुलींची लग्ने फार लहानपणी होत. पुष्कळ मुली आठ-दहा वर्षांच्या असतानाच विधवा होत. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत अशा मुलीचे पुन्हा लग्न करीत नसत. तिचे केस कापत. तिला साधे अन्न आणि साधे कपडे मिळत. घरातील सगळे काम तिच्याकडून करून घेत. एवढे करून तिलाच अपशकुनी ठरवत. या मुलींना शिकवून त्यांच्या पायांवर उभे करावे, असे रमाबाईंच्या मनात पक्के झाले. त्यासाठी आधी स्वतः आणखी शिकले पाहिजे, असे ठरवून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमध्ये त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण त्यांना कमी ऐकू येत असे. त्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्या तेथे संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी शिकल्या. निराधार स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी जवळून पाहिले. त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. पण रमाबाईंचा स्वभाव स्वतंत्र होता. त्या जुन्या रूढींपुढे झुकल्या नव्हत्या, तशाच त्या चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही झुकल्या नाहीत. जे पटेल तेच त्या स्वीकारत आणि न पटेल ते स्पष्ट सांगत.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी त्या निघाल्या होत्या. तेथे त्यांनी गावोगाव भाषणे दिली. भारतातील स्त्रियांची स्थिती सांगणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या विक्रीतून पैसे आले. बोस्टन शहरात लोकांनी १८८७ साली ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन केली. या संस्थेने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले.

रमाबाई भारतात परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. विधवा मुलींनी तेथे राहावे, शिकावे आणि शिक्षिका व्हावे, असा हेतू होता. सदनात कोणावरही धर्माची सक्ती नव्हती. मुलींना आपापल्या घरचे रीतिरिवाज पाळता येत. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सदनाच्या सल्लागार मंडळात होती. गोदूबाई या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढे १८९३ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. अनाथ बालिकांसाठी कर्वे यांनी उभारलेल्या कार्यात त्यांनी मोठी साथ दिली.

पण १८९३ सालीच सदनावर मोठे संकट आले. रमाबाई रोज आपल्या खोलीत ख्रिस्ती पद्धतीने प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून तेथे जाऊन बसू लागल्या. ही गोष्ट बाहेर कळली. आपल्या मुली ख्रिस्ती होतील, अशी भीती पालकांना वाटली. ती भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही, कारण काही मुलींना त्या धर्माची ओढ वाटू लागली होती. दुसरीकडे, कोणी आपणहून आले तर त्याला हाकलून का द्यायचे, असे रमाबाईंना वाटत होते. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या.

मित्रांनो, येथे थांबून विचार करा. अनाथ मुलांचे घर नुसत्या पैशांवर चालत नाही. लोकांचा विश्वास हाही त्याचा आधार असतो. तो आधार सुटला, की घर डळमळते. रमाबाईंचा आपल्या समाजातील फार मोठा आधार या वेळी सुटला. परदेशातील मदतही दहा वर्षांपुरतीच होती. ती संपल्यावर काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. कायम दुसऱ्यांपुढे हात पसरणे त्यांना नको होते. म्हणून त्यांनी पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे जमीन घेतली. तेथे फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा त्यांचा बेत होता.

बाग फळाला येण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. ती बातमी ऐकून रमाबाईंना आपले आई-वडील आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ झालेल्या मुली रस्त्यावर आणि सरकारी आश्रयस्थानांत कशाबशा जगत होत्या. त्यांच्या अंगावर हाडे आणि कातडी एवढेच उरले होते. काहींना वाईट माणसे फसवून नेत होती. रमाबाईंजवळ पैसे थोडे होते. तरीही सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती आणि शहरात इतक्या जणींना एकत्र ठेवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर नेले. सुरुवातीला तंबू आणि गवताच्या झोपड्या हेच त्यांचे घर होते. १८९८ साली तेथे ‘मुक्ती सदन’ रीतसर उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरात आणि राजपुताना भागांत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आल्या. मुक्ती सदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे जेवण म्हणजे केवढे काम, याची कल्पना करा. भल्या पहाटे चुली पेटत. कोणी दळत, कोणी भाकऱ्या थापत, कोणी पाणी भरत. हा सगळा कारभार दोन आधारांवर चालत होता. पहिला आधार दात्यांचा. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील ख्रिस्ती लोक देणग्या पाठवत. त्यांत साधी माणसेही असत. सदनाची हकीकत कळवणारे एक छोटे इंग्रजी नियतकालिक निघत असे. ते वाचून दात्यांना आपल्या पैशांचे काय झाले ते समजे. काही परदेशी स्त्रिया तर स्वतः केडगावला येऊन राहिल्या आणि कामाला लागल्या.

दुसरा आधार सदनातील मुलींच्या स्वतःच्या हातांचा होता. रमाबाईंनी विहिरी खोदून घेतल्या आणि मुली शेतात काम करू लागल्या. गाई-म्हशी पाळल्या. माग बसवले आणि मुली कापड विणू लागल्या. तेलाचा घाणा सुरू झाला. शिवणकाम, धुलाई, सुतळी-वेताचे काम अशी अनेक कामे निघाली. छापखानाही सुरू झाला. त्या काळी खिळे जुळवण्यापासून यंत्र चालवण्यापर्यंतची कामे पुरुषच करीत. मुक्ती सदनात ती मुलींनी केली. अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ काम, अशी ही शिस्त होती. कालपर्यंत जिला लोक अपशकुनी म्हणत, ती आज स्वतः कमावून दुसरीचे ताट भरू लागली.

आंधळ्या मुलींनाही रमाबाईंनी दूर ठेवले नाही. त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल लिपी शिकली आणि तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. त्या मुली वेताच्या वस्तू विणू लागल्या. त्यांतल्या काही पुढे इतर आंधळ्या मुलींना शिकवू लागल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आणि वृद्ध स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’ सुरू झाले. मनोरमेने हैदराबाद संस्थानातील गुलबर्गा येथेही मुलींची शाळा काढली.

मुक्ती सदन हे ख्रिस्ती सदन होते. तेथे रोज प्रार्थना होई आणि तेथील पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. त्यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही लोक निरनिराळी मते मांडतात. पण दुष्काळात त्या मुलींना मरणाच्या दारातून कोणी परत आणले, याबद्दल वाद नाही.

रमाबाईंनी अखेरपर्यंत विद्येची साधना सोडली नाही. बायबल साध्या मराठीत यावे आणि कमी शिकलेल्या स्त्रियांनाही ते समजावे, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्या मूळच्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. अनेक वर्षे खपून त्यांनी भाषांतर केले. ते त्यांच्याच छापखान्यात मुलींनी छापले. १९१९ साली सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ हे सुवर्णपदक दिले.

१९२१ साली त्यांच्यावर शेवटचा मोठा आघात झाला. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा मरण पावली. आपल्यामागे सदनाचा भार तीच उचलील, अशी त्यांची आशा होती. तरीही त्या भाषांतराचे काम करीत राहिल्या. ते काम संपल्यावर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांना आणि मुलांना आसरा देत आहे.

मुलांनो, लहानपणी मागून आणलेला भाकरीचा एक तुकडा रमाबाईंच्या आईला खाता आला नाही. त्या मुलीने मोठी झाल्यावर दोन हजार माणसांसाठी चुली पेटत्या ठेवल्या. लोकांनी दिलेले दान तिने मान खाली न घालता घेतले, कारण घेणाऱ्या हातांना तिने कामही दिले. तुमच्या गावातील यतीमखान्याच्या, आश्रमशाळेच्या किंवा अनाथालयाच्या दारावरून जाल, तेव्हा आत कोणत्या धर्माची प्रार्थना चालते, हे जरूर ऐका. पण आतल्या चुलीसाठी आपण काय देऊ शकतो, याचाही विचार करा.

शब्दार्थ
होरपळणे – फार त्रास सोसणे
निराधार – ज्याला कोणाचा आधार नाही असा. (भीती) कारण नसलेली
पटकी – कॉलरा
पुरस्कार करणे – एखाद्या विचाराला पाठिंबा देणे
अस्खलित – न अडखळता
घाणा – तेल काढण्याचे साधन
खिळे जुळवणे – छपाईसाठी एकेक अक्षराचा ठसा ओळीने लावणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अनंतशास्त्री घर सोडून रानात का गेले?
(आ) कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना कोणत्या पदव्या दिल्या?
(इ) रमाबाईंनी केडगावची जमीन कशासाठी घेतली?
२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १८९३ साली शारदा सदनावर कोणते संकट आले? पालकांना काय वाटत होते आणि रमाबाईंना काय वाटत होते?
(आ) मुक्ती सदन कोणत्या दोन आधारांवर चालत होते?
३. वाक्यात उपयोग करा : छत्र हरपणे, पाठ न सोडणे, पायांवर उभे राहणे, हात पसरणे.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या वसतिगृहाला किंवा अनाथालयाला भेट द्या. तेथील जेवण, शिक्षण आणि खर्च यांची माहिती विचारून मराठीत दहा ओळी लिहा.